कानात कापूस

इझबेल गेडीझ खालच्या मजल्यावर खोकते.
रात्री अकराला, दोनला, पहाटे चारच्या सुमाराला,
कोरडा खोकला, कुणी चुकीची किल्ली
कुलपात फिरवून बघतंय असा.

डंडीत पाऊस तिरका येतो, टे नदीच्या मुखाकडून.
जिन्यात छत्री झटकताना मनात येतं,
या ओल्या गावात, जिथे पायऱ्यांना शेवाळ धरतं,
एका बाईच्या अंगात गेली वीस वर्षं दुष्काळ जाहीर आहे.

कारण तो संप्रेरक मुळात तहानेचाच.
अँजिओटेन्सिन. नाव परक्या पाहुण्यासारखं,
काम घरातल्या थोरल्याचं.
पाणी आटलं, रक्त सांडलं, की मूत्रपिंड हाक देतं,
यकृत कच्चा माल पुरवतं,
फुप्फुसातून जाताना त्याला धार लागते,
आणि तो धमन्यांना म्हणतो, आवळा.
मिठाला म्हणतो, थांब. जिभेला म्हणतो, पाणी माग.
त्याने आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या जगवलं.
उपकार आहेत त्याचे. म्हणून तर
गप्प बस, असं त्याला कुणी म्हणत नाही.

मी दिवसभर उंदरांच्या महाधमन्या कापते,
केसाहून पातळ चकत्या. मग रंग.
जिथे चरबी, तिथे लाल.
भिंगाखाली भिंत दिसते, भिंतीत शिरलेल्या पांढऱ्या पेशी,
खाऊन खाऊन फेसाळलेल्या,
पंगतीतून ज्यांना उठताच आलं नाही.
यांना बोलावलं कुणी? दाबाने?
एका पिंजऱ्यातला दाब आम्ही वेगळ्या औषधाने उतरवून ठेवला होता.
आकडे अगदी शहाण्या मुलासारखे.
भिंती तरी लाल.

म्हणजे तो नुसता नळ आवळत नव्हता.
भिंतीच्या कानात ओरडत होता, आग, आग,
आणि आग नसताना बंब येत राहिले,
आणि बंबांच्याच गर्दीने गल्ली बुजली.

इझबेल सोळाव्या वर्षी तागाच्या गिरणीत लागली.
दोनशे माग एका छपराखाली.
बाया ओठ वाचायच्या, बोटांनी भांडायच्या,
बोटांनीच लग्नं जमवायच्या.
गिरणी बंद होऊन चाळीस वर्षं झाली, तिथे आता फ्लॅट आहेत,
तळमजल्यावर मासे-बटाट्याचं दुकान.
तिच्या कानात माग चालूच.
आम्हाला कापूस कुणी दिला नाही गं, हेन, ती म्हणते.
हेन म्हणजे कोंबडी. इकडे हे मायेने म्हणतात.

मीच तिला सांगितलं, खोकला गोळीचा आहे,
डॉक्टरीणबाईंना दुसरी मागा.
दुसरी मिळाली. बिस्किटांच्या डब्याच्या झाकणावर
मी पेन्सिलीने चित्र काढलं:
पहिली गोळी धार लावू देत नव्हती.
ही त्याला ओरडू देते. उलट तो जास्तच ओरडेल.
पण भिंतींच्या कानात कापूस घालते.
ती माझ्या ओठांकडे बघत होती.
एवढी मोठी हसली की दातांची कवळी सावरावी लागली.
मग म्हणाली, उशीर केलात.
मला की औषधाला, कोण जाणे.

तिसऱ्या आठवड्यात खोकला थांबला.

दोनला मला सवयीने जाग आली.
खाली काहीच नाही.
पाऊस, फ्रिजची घरघर, आणि काहीच नाही.
किती लाल काचा बघितल्यात मी.
सपाता चढवल्या, जिना उतरले, बेलचं बटण दाबलं.
तिच्याकडे बेल वाजत नाही, दिवा लुकलुकतो.
लुकलुकला असणार. दार उघडेना. पुन्हा दाबलं. पुन्हा.
माझ्याच मानेतली शीर मला ऐकू येत होती.

मग साखळी निघाली.
केस विस्कटलेले, अंगावर पुरुषी कोट,
आणि गिरणीतल्यासारखं, आवाज न काढता,
नुसत्या ओठांनी तिने विचारलं,
आग लागलीय का कुठे?